पाण्याची चाल, नसेची भिंत

तासगावच्या द्राक्षबागेत ठिबक सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं जाणता माणूस ड्रिपरकडे बघतच नाही. तो ओळीच्या शेवटी जातो, लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या नळीचं, टोक मोकळं करतो आणि नळीतला गाळ, शेवाळ, हवा फुसफुसत बाहेर पडू देतो. पाणी एकसंध यायला लागलं की टोक पुन्हा बंद. मग कुठे शेवटच्या वेलीला पहिल्या वेलीइतकं पाणी मिळायची शाश्वती.

माणसाच्या रक्तवाहिनीचा काचेवरचा नमुना चालवताना पहिलं काम हेच असतं, फरक फक्त मापाचा. बागेतली लॅटरल १६ मिलिमीटरची. चिपमधला, म्हणजे काच आणि रबराच्या त्या छोट्या तुकड्यातला, चॅनेल १ मिलिमीटर रुंद, १०० मायक्रॉन म्हणजे ०.१ मिलिमीटर उंच आणि १ सेंटीमीटर लांब धरला, तर आत मावतं बरोब्बर १ मायक्रोलिटर. डोळ्यांत घालायच्या औषधाचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एका थेंबात असे तीस-चाळीस चॅनेल भरून निघतील. एवढ्याशा जागेच्या भिंतींवर माणसाच्या पेशींचा एकेरी थर वाढवायचा, त्यावरून दिवसचे दिवस द्रव वाहता ठेवायचा, आणि मग त्यात रोग आणून तो सूक्ष्मदर्शकाखाली उलगडताना बघायचा, असा हा उद्योग आहे.

वाहतं ठेवण्याचा एवढा आटापिटा कशासाठी? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला एंडोथेलियम म्हणतात. जाडी एका पेशीची. ह्या पेशींना अंगावरून जाणाऱ्या द्रवाची ओढ कळते आणि त्या ओढीप्रमाणे त्या स्वतःला बदलतात. बशीत, स्थिर माध्यमात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, वाढवल्या तर त्या शहाबादी फरशीच्या तुकड्यांसारख्या, कोणतीही दिशा नसलेल्या दिसतात. त्यांच्यावरून धमनीइतक्या जोराचा प्रवाह सोडला की साधारण २४ तासांत त्या लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात, पूर उतरल्यावर ओढ्याकाठचं गवत एकाच अंगाला झुकलेलं दिसतं तशा. ड्यूई आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे मोजून दाखवलं. बदल नुसता आकारात होत नाही. एकसारखा प्रवाह मिळणारी पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवते, त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्तबिंबिका चिकटत नाहीत. प्रवाह मंद झाला किंवा पुढे-मागे हेलकावे खाऊ लागला की तीच पेशी पृष्ठभागावर चिकट रेणू आणते आणि पांढऱ्या पेशींना थांबवून आत घेऊ लागते.

सांगलीत कृष्णेच्या वळणावर उभं राहिलं की बाहेरचा काठ कातरलेला आणि आतल्या काठाला मळई साठलेली दिसते. मानेतली धमनी जिथे दुभंगते तिथेही चरबीचा थर सगळीकडे सारखा बसत नाही. दुभंगाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे रक्त रेंगाळतं आणि मागे फिरतं, तिथेच तो धरतो. जोराच्या रक्ताने भिंत खरवडली जाते आणि तिथे रोग सुरू होतो, असा एक समज होता. लंडनमध्ये कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उलट मांडणी केली: ओढ कमी पडते तिथे रोग. पुढे ती टिकली. नदीशी साम्य मात्र इथपर्यंतच. नदीत गाळ आपल्या वजनाने बसतो, काठाला त्यात काही म्हणायचं नसतं. धमनीत भिंत जिवंत आहे, आणि चरबी आत घ्यायला तीच दार उघडते.

म्हणून पेशी हव्यात माणसाच्या, आणि त्या येतात बहुधा नाळेतून. पूर्वी घरोघरी नाळ परसात पुरत. आता ती दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतून जाते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात रोज कितीतरी नाळा अशा जातात. आईची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी असेल, तर त्यातल्या एका हातभर तुकड्यातून लाखो पेशी मिळतात. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शीर रुंद आणि पातळ भिंतीची, तिच्यात बोथट सुई सहज बसते. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या थंड द्रवात, ठेवलेली नाळ २४ तासांच्या आत घ्यायची, शिरेतलं रक्त धुवून काढायचं, आत कोलॅजिनेज हे पेशींचा आधार कापणारं विकर भरून दोन्ही टोकं चिमट्यांनी बंद करायची, ३७ अंशांवर १० ते १५ मिनिटं ठेवायची आणि हलक्या हाताने चोळून सुटलेल्या पेशी गोळा करायच्या. वेळ जास्त झाली तर खालचे स्नायू आणि तंतुपेशीही सुटून येतात आणि आठवड्याभरात कल्चर त्यांचंच होऊन बसतं. ही रीत १९७३ मध्ये एरिक जॅफी आणि सहकाऱ्यांनी बसवली, आणि अजून मूळ कृती तीच आहे. पाच-सहा वेळा पेशी वाटून वाढवल्या की त्यांचा गुण उतरतो. त्यापुढच्या पेशींवर केलेल्या प्रयोगावर मी विश्वास ठेवत नाही.

आता चिप. सिलिकॉनच्या तबकडीवर एसयू-८ हा प्रकाशाने घट्ट होणारा लेप देऊन, मुखवट्यातून अतिनील प्रकाश टाकून चॅनेलचा उंचवटा उठवतात. हा साचा. स्वच्छ खोली नसलेल्या महाविद्यालयाने तो बाहेरून करून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. एक साचा नीट सांभाळला तर डझनावारी चिप निघतात. त्यावर ओततात तो पारदर्शक सिलिकॉन रबर, पीडीएमएस. हार्वर्डला व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये ही ओतकामाची पद्धत सोपी करून दिली, आणि प्रयोगशाळांमधली अशी कामं बरीचशी त्यावरच उभी राहिली.

रबराचे दोन भाग असतात, मूळ द्रव आणि घट्ट करणारा द्रव, वजनाने १० ला १. दहा सेंटीमीटरच्या बशीत ३० ग्रॅम आणि ३ ग्रॅम घेतलं की साधारण ४ मिलिमीटर जाडीची वडी पडते. चार-पाच मिनिटं चांगलं घोटायचं. मिश्रण ताकासारखं पांढुरकं आणि फेसाळ झालं म्हणजे मिसळलं. मग निर्वात भांड्यात अर्धा-पाऊण तास, फेस पूर्ण बसेपर्यंत. ६५ ते ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ३-४ तास. कधीकधी वडीचा एखादा भाग चिकटच राहतो. घोटणं कमी पडलं हे पहिलं कारण, आणि दुसरं सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: लेटेक्सचे हातमोजे. लेटेक्समधला गंधक ह्या रबरातल्या प्लॅटिनमला निकामी करतो आणि रबर आळतच नाही. नायट्राइलचेच मोजे वापरावेत.

तोंडं पाडायची ती चॅनेलच्या बाजूने, १ मिलिमीटरच्या धारदार पंचाने, एका दमात सरळ खाली. पंच बोथट झाला की भोकाच्या कडेला केसाएवढी चीर जाते. कोरडी असताना ती दिसत नाही. रात्री पंप चालू ठेवून गेलं की सकाळी चिप ओली सापडते. पंचात अडकलेला रबराचा ठोकळा बाहेर काढलाय ना, तेही बघायचं. तो मागे राहिला तर चॅनेल बंद आणि दोष मात्र पंपाला.

काचेला चिकटवताना गोंद नसतो. चिकटपट्टीने रबराची धूळ उचलायची, काच अल्कोहोलने धुवून पूर्ण सुकवायची, आणि दोन्ही ऑक्सिजन प्लाझ्माखाली, म्हणजे विजेने चेतवलेल्या ऑक्सिजनखाली, अर्धा ते एक मिनिट. लगेच एकमेकांवर टेकवायचे, दाबायचे नाहीत. पृष्ठभाग तयार असतील तर टेकल्या जागेपासून एक कडा पाण्याच्या डागासारखी पसरत जाते आणि दोन्ही एक होतात. मग ८० अंशांवर १५-२० मिनिटं. जास्त प्लाझ्मा दिला की जोड उलट कच्चा होतो, कारण रबराच्या वर काचेसारखा ठिसूळ पापुद्रा येतो. आणि एक धुळीचा कण राहिला तर त्याच्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखं गोल वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ चॅनेलला टेकलेलं असेल तर ती चिप सरळ बाजूला ठेवावी. पुढच्या पाच दिवसांच्या कामापेक्षा ती स्वस्त आहे.

निर्जंतुक केलेल्या चॅनेलमध्ये फायब्रोनेक्टिन हे प्रथिन भरायचं, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर एक तास. रबर पेशींना धरत नाही, फायब्रोनेक्टिन धरतं. मग पेशी, मिलिलिटरला १ कोटी. ऐकायला फार वाटतं, पण १ मायक्रोलिटरमध्ये त्या होतात १० हजार आणि तळ आहे १० चौरस मिलिमीटर. तेवढ्यानेच तो जेमतेम गच्च भरतो. पातळ पेरलं तर मोकळ्या जागा राहतात, आणि प्रवाह सुरू झाला की थर तिथूनच सोलला जातो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. पेशी आत गेल्या की त्यांना थांबवायचं कसं? चॅनेलच्या दोन तोंडांवर दोन थेंब असतात, आणि एक जरी किंचित मोठा असला तरी आतला द्रव सरकत राहतो. सूक्ष्मदर्शकात पेशी सावकाश एका बाजूला निघालेल्या दिसतात. मग समोरच्या तोंडावर पिपेटने इवलासा थेंब वाढवायचा. पेशी मंदावतात, थांबतात, थोड्या मागेही येतात. दोन्ही थेंब सारखे झाले की जागच्या जागी खाली बसू लागतात. पंधरा-वीस मिनिटांत तळाला धरतात. वरच्या भिंतीला पेशी हव्या असतील तर पुन्हा तितक्याच भरून चिप पालथी करायची आणि अर्धा तास तशीच ठेवायची. दोन-तीन तासांनी न धरलेल्या धुवून टाकायच्या. १ मायक्रोलिटरमधलं अन्न पेशी भराभर संपवतात आणि रबरातून पाण्याची वाफही जाते, म्हणून दोन्ही तोंडांत पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपा माध्यमाने भरून ठेवायच्या आणि खाली ओलसर पेटी. कोरड्या इनक्युबेटरमध्ये सकाळपर्यंत माध्यम खारट होतं, पेशी आक्रसतात, आणि माणूस औषधाला दोष देत बसतो.

प्रवाहाचं गणित अवघड नाही. सपाट चॅनेलमध्ये भिंतीवरची ओढ म्हणजे ६ गुणिले चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले रुंदी, भागिले उंचीचा वर्ग. धमनीसारखी १० डाइन प्रति चौरस सेंटीमीटर ओढ (डाइन हे बलाचं एक छोटं एकक) हवी असेल, तर ३७ अंशांवरच्या माध्यमाने वरच्या मापाच्या चॅनेलला मिनिटाला सुमारे १४३ मायक्रोलिटर लागतात. शिरेसाठी १ ते ६ डाइन पुरे. उंचीचा वर्ग आहे, हे डोक्यात पक्कं बसवायला हवं. साचा १०० ऐवजी ९० मायक्रॉनचा निघाला तर त्याच पंपाने ओढ २३ टक्क्यांनी वाढते. म्हणून प्रत्येक नव्या साच्याची एक वडी बळी द्यावी, पात्याने आडवी कापावी आणि उंची सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी. साच्यासोबत आलेल्या कागदावरचा आकडा वापरू नये.

नळ्यांचा हिशेबही करायला हवा. अर्ध्या मिलिमीटर पोकळीची ३० सेंटीमीटर नळी जोडली, तर तिचाच अडथळा चॅनेलच्या दीडपट होतो. नुसत्या चॅनेलला १४३ मायक्रोलिटरसाठी पाण्याची २ सेंटीमीटर उंची पुरते. नळी जोडल्यावर साडेपाच लागते. ठिबकवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, लांब लॅटरलच्या शेवटी दाब का पडतो हे तो रोज बघतो. नळी जितकी लांब आणि बारीक तितका अडथळा जास्त, हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते प्वाझय हे फ्रान्सचे वैद्य होते, आणि १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून पाणी सोडत बसले ते रक्ताभिसरण समजून घेण्यासाठीच.

मिनिटाला १४३ म्हणजे दिवसाला २०६ मिलिलिटर. हे माध्यम महाग असतं, त्यामुळे ते फिरवून पुन्हा वापरावं लागतं. प्रवाह एकदम सोडायचा नाही. १ डाइनपासून सुरुवात करून काही तासांत हळूहळू वर न्यायचा. आणि पुढे चॅनेलमधून खरं रक्त सोडायचं असेल तर आधी पंप कमी करायचा. रक्त ह्या माध्यमाच्या साधारण पाचपट घट्ट आहे, तेवढ्याच प्रवाहाला ओढही पाचपट होते. गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या रक्तात कॅल्शियम परत द्यायचं तेही ऐनवेळी, कारण तिथून गोठण्याचं घड्याळ सुरू होतं.

आणि बुडबुडा. चॅनेलच्या मापाचा एक बुडबुडा आत शिरला की त्याची कडा पेशींवरून पाणी ओढणाऱ्या वायपरसारखी सरकते, आणि मागे उघडी काच राहते. दहा दिवसांचं काम दहा सेकंदांत जातं. बुडबुडा कुठून येतो हे ठरलेलं आहे: फ्रिजमधलं थंड माध्यम सरळ पंपाला लावलं तर ३७ अंशांवर त्यातली विरघळलेली हवा सुटते, जोडताना नळीच्या तोंडाशी थेंब नसेल तर तिथे हवेचा खिळा अडकतो, सांधा सैल असेल तर उपसणारा पंप बाहेरची हवा आत ओढतो. माध्यम रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवावं, नळीच्या तोंडाला लोंबता थेंब आणि चिपच्या तोंडावर फुगीर थेंब ठेवून थेंबाला थेंब लावून जोडावं, आणि चिपच्या आधी हवा अडवणारी कुपी बसवावी. बागेत मुख्य पाइपवर उंच जागी एअर व्हॉल्व्ह असतो, त्याचंच हे धाकटं भावंड.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होतात. चिपमध्ये हुबेहूब तसाच संगम कोरला, तर दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतच नाहीत. नदीतला खळबळाट मोठ्या मापामुळे येतो. प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणारा रेनॉल्ड्स यांचा अंक दोन हजारांच्या पुढे गेला की प्रवाह गढुळतो. आपल्या चॅनेलमध्ये तो सहाच्या आसपास आहे. दोन रंग सोडले तर मधली रेघ शेवटपर्यंत तशीच. एक चॅनेल पार करायला द्रवाला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि रंगाला अर्धा मिलिमीटर झिरपायला काही मिनिटं लागतात. ह्याचा उपयोग असा, की एकाच वाहिनीची अर्धी रुंदी औषधाखाली आणि अर्धी साध्या माध्यमात ठेवता येते. त्याच पेशी, तोच दिवस, तीच चिप. तुलनेला ह्याहून चांगली सोय मला माहीत नाही.

सपाट चॅनेलची एक मोठी मर्यादा मात्र आहे: पेशींच्या मागे रबर आणि काच. शरीरात त्यांच्या मागे पायाखालचं पातळ पटल आणि भोवती कोलॅजेन ह्या प्रथिनाची जाळी असते. वाहिनी गळते म्हणजे त्या जाळीत गळते. रबरात काय गळणार? म्हणून दुसरी रीत, सुईची. उंदराच्या शेपटीतलं कोलॅजेन बर्फावर ठेवून, सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता मोडून, मिलिलिटरला ३ ते ६ मिलिग्रॅम असं तयार करतात. ॲक्युपंक्चरची ०.१६ मिलिमीटरची सुई आधी अल्ब्युमिन ह्या प्रथिनाच्या द्रावणात बुडवून, म्हणजे जेल तिला धरणार नाही, चौकटीत आडवी ठेवतात. भोवती जेल ओतायचं आणि ३७ अंशांवर अर्धा तास. मिश्रण बर्फावरून काढल्यावर रेंगाळलं तर ते पिपेटमध्येच आळतं.

सुई काढणं हा सगळ्यात नाजूक क्षण. दोन्ही तोंडांशी माध्यमाचा चांगला मोठा थेंब हवा, कारण सुई सरकते तशी मागे पोकळी होते आणि ती काहीतरी आत ओढणारच. थेंब नसेल तर हवा. मिलिमीटर मिलिमीटर करत, जराही न पिळता. टोक बाहेर आलं की सूक्ष्मदर्शकात दुधी जेलमधून आरपार गेलेला एक स्वच्छ गोल बोगदा दिसतो. त्याच्या भिंतीवर पेशी धरल्या की ती नळी शरीरातल्या बारीक वाहिनीच्या बरीच जवळ जाते. गळती तपासायला डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या लांब साखळीचा चमकता रेणू, आत सोडतात, वजनाने ७० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक). तो वजनाने रक्तातल्या अल्ब्युमिनच्या जवळपास असतो. दर मिनिटाला एक फोटो. धड वाहिनीत चमक नळीतच राहते. भिंत सैल झाली की धुक्यासारखी बाहेर पसरत जाते.

वाळवा, कऱ्हाड, शिराळा ह्या उसाच्या पट्ट्यात ह्या धुक्याचा अर्थ फार जवळचा आहे. उसाच्या फडात घोणस असते, माळाला फुरसं. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचं नाव नागाशी जोडलेलं असलं, तरी रक्तवाहिन्यांची मोडतोड ही मुख्यतः घोणस-फुरशाची करणी. घोणशीच्या विषातला एक घटक रक्तातला दहावा गोठणघटक जागा करतो. त्याने गोठण्याचा साठा वापरून संपतो आणि मग रक्त गोठतच नाही. दवाखान्यात काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरपं करून बघतात, ते ह्याचसाठी. ह्याच घटकावर बेतलेली एक गोठणचाचणी जगभरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरात आहे.

दुसरी करामत भिंतीवरची. ह्या विषांत मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं असतात, ती पेशींमागचं पटल, त्यातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजेन, कापतात. इथे एक कोडं होतं. अशी विकरं प्राण्याच्या अंगात काही मिनिटांत रक्तस्राव घडवतात, पण बशीतल्या एंडोथेलियमच्या पेशींवर टाकली तर त्या तासन्‌तास टिकून राहतात. कोस्टा रिकाच्या क्लोडोमिरो पिकाडो संस्थेतले होझे मारिया गुतिएरेझ ह्यांनी त्याची उकल मांडली: विकर पटल अशक्त करतं, आणि अशक्त भिंत फुटते ती आतल्या रक्ताच्या दाबाने आणि ओढीने. बशीत दाब नाही, ओढ नाही, म्हणून फुटणंही नाही. विषाचं अर्धं काम वाहणारं रक्त करतं. वाहत्या नमुन्याची गरज ह्याहून नेमकी कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही.

२०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी चिपमधल्या वाहिन्यांवर आपल्याकडच्या नागाचं आणि पश्चिम आफ्रिकेतल्या फुरशाच्या भाऊबंदाचं विष तपासलं. काही विषं पेशींनाच थेट मारतात, काही त्यांच्या पायाखालचा आधार काढून घेतात, असे दोन मार्ग त्यात वेगळे दिसले. उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण अडवायचा रेणू बदलतो.

आपल्या घरची दुसरी वस्तू हळद. सांगलीच्या पेठेत वावरणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचणारच, की हळदीतलं कर्क्युमिन रक्तवाहिनीची सूज कमी करतं का, ते चिपवर बघता येईल का? येईल, पण तीन खड्डे टाळून. कर्क्युमिनला पाणी आवडत नाही आणि पीडीएमएस अशा तेलकट रेणूंना स्पंजासारखं शोषून घेतं. आपण १० मोजून टाकतो, पेशींपर्यंत किती पोचलं ते कळत नाही; उलट माध्यम बदलल्यावर भिंत ते परत सोडत राहते. दुसरं, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर त्याचा ९० टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. तिसरं, कर्क्युमिन स्वतःच हिरवट चमकतं, आणि गळती मोजायचा डेक्स्ट्रानही हिरवाच. निकाल छान दिसतो आणि तो हळदीच्या रंगाचा असतो. हे करायचंच असेल तर लाल चमकीचा डेक्स्ट्रान घ्यावा, चिप काचेची किंवा कडक प्लास्टिकची घ्यावी, माध्यमात सीरम ठेवावं आणि बाहेर पडणाऱ्या द्रवातलं कर्क्युमिन दर तासाला मोजावं. एवढं केलेलं नसेल तर हळदीबद्दलचा कोणताही सुंदर आलेख मी बाजूला ठेवीन, मग तो हळदीच्या बाजूचा असो वा विरोधातला.

चिपच्या उणिवा आणखीही आहेत. नाळेतल्या पेशी शिरेच्या आणि नवजात बाळाच्या. साठीतल्या मधुमेही माणसाच्या हृदयधमनीबद्दल त्यांना विचारणं म्हणजे कोवळ्या रोपाला जुन्या खोडाचा रोग विचारणं. स्नायूंचा थर बहुतेक नमुन्यांत नसतो. एका नाळेच्या पेशी दुसरीसारख्या वागत नाहीत, म्हणून निदान तीन दात्यांवर प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एकाच नाळेच्या तीस चिप म्हणजे एकच माणूस तीस वेळा. तरी दार उघडलं आहे. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची राहिली नाही, आणि भारतातही २०२३ मध्ये नियम दुरुस्त होऊन चिपवरच्या अवयवांच्या चाचण्यांना जागा मिळाली.

ह्या भागात कुणी असं काम उभं करणार असेल तर मी घोणस निवडीन. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारांवर, घोड्यांच्या रक्तातून बनतं. त्यासाठीचं विष बव्हंशी तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या, १९७८ मध्ये सुरू झालेल्या सहकारी संस्थेतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात बदलतं, तेव्हा कृष्णाकाठच्या घोणशीवर ते किती चालतं हा प्रश्न खरा आहे. प्रतिविषाची ताकद ठरवायच्या उंदरांवरच्या रूढ चाचणीत विष आणि प्रतिविष आधी एकत्र मिसळून, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून मग टोचतात. फडात चावलेल्या माणसाला असं मिसळलेलं काही मिळत नाही. कोलॅजेनमधली सुईची वाहिनी, दहा डाइनचा प्रवाह, लाल चमकीचा डेक्स्ट्रान. ह्याच भागातल्या घोणशीचं, परवान्याने मिळवलेलं विष आधी, आणि प्रतिविष एका चिपमध्ये अर्ध्या तासाने, दुसरीत दोन तासांनी, तिसरीत चार तासांनी. उसाच्या सरीतून मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागेपर्यंत जो वेळ जातो, तो प्रयोगाच्या वहीत मिनिटांत लिहिता येतो.